शाळेच्या बँडला ऐकणारं कोणी हवंय : विद्यापीठाच्या आवारात एक दिवस, सांगलीत जमेल का?

हरभट_रोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

गेली ११ वर्षं सांगलीतल्या एका शाळेत मी बँड पथक घेतो. मूळचा गणिताचा शिक्षक. कॉलेजात एनसीसीच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायचो, तेवढ्या भांडवलावर पथक माझ्या गळ्यात पडलं आणि मग जिवाला लागलं. २८ पोरं आहेत. १० साइड ड्रम, २ मोठे ढोल, २ जोड झांजा, ६ बिगुल, ७ बासऱ्या, १ ट्रँगल.

आमचं वर्ष १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी या दोन दिवसांभोवती फिरतं. मधे स्नेहसंमेलन, शिक्षक दिन, कोणी पाहुणे आले तर फाटकापासून व्यासपीठापर्यंत. पोरं सकाळी सातला येऊन तालीम करतात, हाताला घट्टे पडतात. आणि एवढं करून त्यांना बसून कुणीच ऐकत नाही. बँड वाजतो तेव्हा लोक चालत असतात, खुर्च्या लावत असतात, हार शोधत असतात. वाजवून झालं की ‘छान झालं’ म्हणतात. काय छान झालं, काय फसलं, हे ११ वर्षांत एकाही माणसानं माझ्या पोरांना सांगितलं नाही. मीही नाही, कारण मलाच कळत नव्हतं.

गेल्या वर्षी बहिणीच्या ऑपरेशनसाठी रजा काढून ओहायोला गेलो होतो. भाचा तिथं हायस्कुलात आहे, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतो. एका शनिवारी त्याच्या शाळेचा बँड जवळच्या विद्यापीठात जाणार होता. मीही बसमध्ये बसलो. जे पाहिलं ते इथं सविस्तर लिहितो, कारण त्यातलं बरंच आपल्याला बिनपैशात करता येईल असं मला वाटतं.

विद्यापीठाच्या संगीत विभागाची इमारत. दारावर वेळापत्रक चिकटवलेलं. आमच्या बँडला ८:४० ला सरावाची खोली, ९:१० ला रंगमंच, ९:४० ला आणखी एक खोली. विभागाचे विद्यार्थी प्रत्येक पथकाला हाताला धरल्यासारखे एका खोलीतून दुसरीत नेत होते.

सरावाच्या खोलीत सगळ्यांनी मिळून आधी एकच लांब सूर धरला. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचं तर काळी पाच. मला वाटलं सगळे एकच बोट दाबत असतील. भाच्यानं समजावलं : क्लॅरिनेटवाला ज्याला ‘सी’ म्हणतो तो प्रत्यक्षात काळी पाच वाजतो, आल्टो सॅक्सोफोनचा ‘सी’ काळी दोन वाजतो, हॉर्नचा पांढरी चार, आणि बासरीचा मात्र पांढरी एकच. म्हणजे एका सुरावर यायचं तर प्रत्येकाला आपापल्या वाद्यातून वेगळ्या वाटेनं यावं लागतं. तो सूर आधी गढूळ होता. मास्तर काही बोलले नाहीत, नुसतं कानाकडे बोट दाखवलं. पाऊण मिनिटात तो निवळला. कृष्णेचं पाणी पावसाळ्यानंतर निवळतं ना, तसा. माझ्या अंगावर काटा आला.

रंगमंचावर तीन रचना. सभागृहात फार तर शंभर माणसं : पालक आणि आपली पाळी संपलेली दुसऱ्या शाळांची मुलं. मधल्या रांगांत एकमेकांपासून लांब तीन परीक्षक. बँड वाजत असतानाच ते हळू आवाजात रेकॉर्डरमध्ये बोलत होते. ‘इथं ट्रम्पेट पुढं धावतायत’, ‘हा शेवटचा सूर सुंदर, पण सोडताना सगळ्यांनी एकदम सोडा’, असं. पूर्वी म्हणे याच्या कॅसेट मिळायच्या. पुढच्या आठवड्यात वर्गात ते ध्वनिमुद्रण मुलं ऐकतात : आपलं वाजवणं आणि त्यावर जाणत्या माणसाचा आवाज, एकत्र.

वाजवून झाल्यावर मुलं उठली नाहीत. विद्यापीठाच्या एक प्राध्यापक बाई मंचावर आल्या आणि वीस मिनिटं शिकवलं. वाद्यं मांडीवर ठेवा म्हणाल्या, आणि आठ मात्रांचा एक तुकडा सगळ्यांकडून गाऊन घेतला. मग मोठ्या ढोलवाल्या मुलाला विचारलं, ‘तू कुणाचं ऐकून वाजवतोस?’ तो म्हणाला, मास्तरांच्या हाताकडे बघून. त्या म्हणाल्या, ‘ट्यूबावाल्याचा श्वास ऐक. तो श्वास घेईल तेव्हा हात उचल.’ (ट्यूबा म्हणजे खर्जातलं मोठं पितळी वाद्य.) पुन्हा वाजवलं. तोच तुकडा, तीच मुलं, आणि ढोल व ट्यूबा एका छातीतून आल्यासारखे. मी ११ वर्षं पोरांना ‘जोरात’ आणि ‘हळू’ हे दोनच शब्द सांगत आलो होतो, हे मला त्या खुर्चीत बसून कळलं.

तिसऱ्या खोलीत कधी न पाहिलेली रचना समोर ठेवतात. मास्तरांना समजावायला काही मिनिटं मिळतात, त्या वेळात वाजवायचं नाही. मुलं नुसती बोटं फिरवतात, मांडीवर ताल धरतात. मग थेट वाजवायचं. वर्षभर एकच धून घोटून आलेलं पथक तिथं लगेच उघडं पडतं.

शेवटी श्रेणी मिळते, एक ते पाच. पहिला-दुसरा-तिसरा नाही. पाच शाळांना पहिली श्रेणी मिळू शकते, किंवा एकीलाही मिळत नाही. हे त्यांनाही सुरुवातीपासून सुचलेलं नाही बरं का. १९२३ साली शिकागोत शालेय बँडची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, वाद्यं बनवणाऱ्या कंपन्यांचा त्याला आधार होता, आणि तेव्हा नंबरच काढत. पुढे १९३० च्या दशकात नंबरांऐवजी श्रेण्या आल्या.

माझा प्रश्न साधा आहे. शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे, सांगली-सातारा दोन्ही जिल्हे त्याच्याच कक्षेत. साताऱ्यात २०२१ पासून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ आहे. एक रविवार, एक सभागृह, तीन जाणते कान. आठवी ते दहावीची पोरं. होईल का? तुमचे अनुभव लिहा.

खणभाग

सर, +१. तुमच्याच शाळेसारख्या एका शाळेत मी बिगुल वाजवायचो. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या वाद्यांच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं. ड्रमची लाकडी कडी फुगून पापुद्रे सुटले. बिगुल तेवढे वाचले, चिंचेनं घासून काढले आम्ही माजी विद्यार्थ्यांनी. कार्यक्रम ठरला तर खुर्च्या मांडायला मी आहे.

अपशिंगेकर

मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बँडमध्ये १७ वर्षं काढली, आता गावी शेती बघतो. आमचं अपशिंगे मिलिटरी म्हणून लोक ओळखतात. पहिल्या महायुद्धात गावचे ४६ जवान कामी आले. त्यांच्या स्मारकापुढं लहानपणी बिगुल ऐकला आणि तिथंच ठरलं, आपण हेच वाजवायचं.

गुरुजी, तुमचं लिहिणं आवडलं, पण एका गोष्टीवर माझं जमत नाही. स्पर्धा पाहिजे. पोरगं हरल्याशिवाय घासत नाही. आता शिक्षण मंत्रालय आणि संरक्षण मंत्रालय मिळून राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा घेतात, प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास दिल्लीला अंतिम फेरी असते. मुलींचे आणि मुलांचे वेगळे गट, पाइप बँड आणि ब्रास बँड. आपल्या जिल्ह्यातलं पोरगं तिथं उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरं, बिगुलाबद्दल. त्याला कळ नसते, भोक नसतं. ओठ आणि श्वास यांवरच सगळं. मंद्र पंचम, सा, ग, प, तार सा, एवढ्या पाच सुरांवर फौजेचे सगळे हुकूम चालतात. म्हणून तो सोपा समजून शाळेत ज्याला काही येत नाही त्याच्या हातात देतात. उलट आहे. कळ नाही म्हणून सगळा भार कानावर. २६ जानेवारीला सकाळी पितळ गार असतं, सूर उतरतो. उन्हात तापलं की चढतो. पथक उभं करायच्या आधी पाच मिनिटं नुसती गरम हवा फुंकायला लावा, आवाज न काढता. आणि सहा बिगुल घेताना एकाच कारागिराचे घ्या, नाहीतर जन्मभर भांडत राहतील.

हरभट_रोड

काका, गरम हवेचं आजच करून बघितलं. फरक कानाला कळला, पोरांनाही कळला.

स्पर्धेला माझा विरोध नाही. पण दिल्लीची वाट पाइप आणि ब्रासची. आपल्या दहातल्या नऊ मराठी शाळांकडे ना बॅगपाइप ना ट्रॉम्बोन. बिगुल-ड्रम-बासरीचं पथक घेऊन कुठं जायचं? आणि जिथं स्पर्धा आहे तिथलं सांगतो. तीन वर्षांपूर्वी एका आंतरशालेय स्पर्धेत आम्ही दुसरे आलो. मी परीक्षकांना गाठून विचारलं, पहिलं यायला काय कमी पडलं? ते म्हणाले, ‘गणवेश बघा जरा.’ पोरं शेजारीच उभी होती. माझ्या एका ढोलवाल्यानं त्या रात्री आईकडे नवे बूट मागितले. ते घर बुटांना महाग होतं. तेव्हापासून मला ढाल नको, उत्तर पाहिजे.

अपशिंगेकर

हे वाचून गप्प झालो. बरोबर आहे तुमचं. आमच्या बँडमास्तरांनी मला पहिले सहा महिने एकच सूर वाजवायला लावला होता, आणि रोज सांगायचे काल कसा होता, आज कसा आहे. तसं सांगणारं माणूस पाहिजे. मी येतो.

विट्याची_आई

माझी मुलगी नववीत आहे, साइड ड्रम वाजवते. सुरुवातीला तिला बासरी दिली होती, मुलींना पट्टा खांद्यावर पेलत नाही म्हणून. तिनं घरी पाटावर चमचे घेऊन तयारी केली आणि सरांना वाजवून दाखवलं. आता ती पुढच्या रांगेत आहे.

सर, कार्यक्रम होणार असेल तर दोन गोष्टी आधी बघा. मुलींसाठी स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह. आणि वेळ अशी की विट्याहून, आटपाडीहून आलेल्या पोरी दिवेलागणीच्या आत घरी पोचतील. मागे एका कार्यक्रमाला पथकाला उन्हात अडीच तास उभं केलं होतं, दोन मुली चक्कर येऊन पडल्या. तुम्ही लिहिलेलं ते दारावरचं वेळापत्रक मला सगळ्यात जास्त आवडलं. आमच्या पोरींना कधी कुणी सांगितलेलं नाही की तुमची पाळी अमुक वाजता आहे.

मिरज_जंक्शन

घरात तीन पिढ्या तंतुवाद्यांचं काम. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा घरात पेढे वाटले होते. पण लिहायचं दुसरंच आहे.

आमच्याकडे भोपळा कापण्यापासून तारा चढेपर्यंत महिने जातात, आणि सगळ्यात शेवटी जव्हारी काढायची, म्हणजे ज्यावर तारा टेकतात ती घोडी घासून तारेचा नाद खुलवायचा. घोडीवर कानस फिरवत, तारेखाली सुताचा धागा सरकवत, कान लावून बसायचं. शाळेतली पोरं बघायला येतात तेव्हा तानपुरा छेडून मी त्यांना विचारतो, किती सूर ऐकू येतायत? सुरुवातीला म्हणतात, चार तारा म्हणजे चार. डोळे मिटून बसवलं की पाच मिनिटांत एखादं म्हणतं, अजून एक येतोय, कुणी वाजवलेला नाही तो. खर्जाच्या तारेतून उमटणारा गंधार असतो तो. ते ऐकलेलं पोरगं पुन्हा बेसूर वाजवताना अडखळतं, त्याला स्वतःलाच सहन होत नाही.

तुमच्या सरावाच्या खोलीत एक तानपुरा ठेवा. काळी पाचला लावून मी देतो, दिवसभर छेडायला माझा मुलगा बसेल. इथल्याच मिरजेत विष्णु दिगंबर पलुसकर गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, आणि त्यांनी पुढं १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते राजवाड्यातलं गाणं सामान्य घरातल्या पोरापर्यंत जावं म्हणून. बँडची पोरं त्यातून का वगळायची?

जतकडचा

पहिल्यांदाच लिहितोय इथं. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा बा हलगी वाजवायचा. जत्रा, लग्न, कुस्तीचं मैदान. हलगी, घुमकं, कैताळ असा त्यांचा ताफा. हलगी वाजायला लागली की फडातला पैलवान शड्डू ठोकायचा तेव्हा मला वाटायचं, हे सगळं माझ्या बाच्या बोटांवर चाललंय. पण शाळेत मी कधी सांगितलं नाही. शाळेच्या बँडमध्ये निवड होती तेव्हा सरांनी विचारलं, कुणाला काय वाजवता येतं का? मी हात वर केला नाही. हलगी म्हटलं की पोरं जात विचारायची.

आता माझा पोरगा सातवीत आहे, आज्याकडनं शिकलाय. पावसाळ्यात कातडं सैल पडतं, मग पाचटाचा जाळ करून हलगी शेकायची. किती शेकायची ते हाताला कळतं, जास्त झालं तर कातडं फाटतं. लोक आता फायबरचा पडदा लावतात, त्याला पावसाचं भ्या नाही, पण बाच्या मते त्याला बोलता येत नाही.

तुमच्या त्या दिवशी हलगीला जागा आहे का? गणवेश नाही त्याच्याकडं बँडचा.

हरभट_रोड

दादा, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. वर्गात ज्या पोरानं हात वर केला नसेल तो मलाही दिसला नसेल, या विचारानं झोप लागली नाही.

जागा आहे. मुलगा येऊ दे आणि आजोबांनाही घेऊन या. आजोबांना मी श्रोत्यांत बसवणार नाही. माझ्या दहा साइड ड्रमवाल्यांना ते अर्धा तास देतील का, तेवढं विचारा. आमची पोरं काडीनं वाजवतात पण मनगट दगडासारखं. हलगीवाल्याच्या डाव्या हातातली ती बारीक काडी आणि उजव्या हातातली टिपरी यांचं नातं त्यांनी जवळून बघायला पाहिजे.

युवा_महोत्सव_माजी

शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात दोन वर्षं लोकवाद्यवृंदात होतो, त्या अनुभवावरून लिहितो.

महोत्सव आधी जिल्हा पातळीवर होतो, मग मध्यवर्ती. त्यामुळे कॉलेजांना बाहेरच्या पोरांची राहण्या-जेवण्याची, रंगमंच वेळेत रिकामा करण्याची सवय आहे. यंत्रणा नव्यानं उभी करावी लागणार नाही. लोकवाद्यवृंदात संबळ, हलगी, सनई, तुतारी, धनगरी ढोल असं सगळं एकत्र येतं, म्हणजे हे वाजवणारी आणि बसवणारी पोरं प्रत्येक कॉलेजात आहेत. त्यांनाच प्रत्येक शाळेच्या पथकामागे दोघं-दोघं द्या. नववीच्या पोराला पन्नाशीच्या परीक्षकापेक्षा एकोणीस वर्षांचा दादा जास्त पटतो, हे मी अनुभवानं सांगतो.

पण शाळांसाठीचा कार्यक्रम म्हटला की ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं उत्तर यायची शक्यता आहे. म्हणून पहिल्या वर्षी विद्यापीठाकडे पैसे मागू नका. सभागृह आणि शिक्षक मागा. पत्र तीन-चार शाळांच्या मुख्याध्यापकांच्या सहीनं जाऊ द्या, आणि दिवाळीची सुट्टी संपल्यावरचा रविवार धरा. जानेवारीत स्नेहसंमेलनं, फेब्रुवारीत दहावीच्या तोंडी परीक्षा.

एक शंका : ती तिसरी खोली, न पाहिलेली रचना. आपली पोरं नोटेशन वाचत नाहीत. तिथं काय करणार?

हरभट_रोड

यावर बरेच दिवस डोकं चालवलं. आपली पोरं कागद वाचत नाहीत पण बोल वाचतात. साइड ड्रमला मी हात लिहून देतो : उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. फळ्यावर उ डा उ उ, डा उ डा डा. पाचवीतलं पोर दोन दिवसांत लय पकडतं. तेव्हा त्या खोलीत फळ्यावर सोळा मात्रांचा नवा ताल बोलांत लिहायचा. चार मिनिटं. वाद्याला हात नाही, तोंडानं म्हणायचं, मांडीवर वाजवायचं. बिगुलांना काकांचे पाच सूर सा-ग-प मध्ये लिहून द्यायचे. मग वाजवायचं. ओहायोच्या पोरांना जे कागदावरून येतं ते आपल्या पोरांना पाठांतरानं येईल, आणि पाठांतरात आपली पोरं कुणाला हार जाणार नाहीत.

परवा वर्गात करून बघितलं. पहिल्यांदा सगळे चौदाव्या मात्रेवर पडले. दुसऱ्यांदा एक झांजवाली मुलगी पडली नाही, आणि तिच्याकडे बघून बाकीचे सावरले. मी काहीच बोललो नाही. नुसतं कानाकडे बोट दाखवलं.

विट्याची_आई

सर, झांजवालीचं वाचून माझ्या मुलीनं विचारलंय, ती कोणत्या शाळेची? तिला भेटायचंय.

खणभाग

पत्राचा मसुदा मी टाइप करून देतो. कर्मवीरांच्या साताऱ्यालाही एक प्रत जाऊ द्या, तिकडच्या शाळांना कोल्हापूर लांब पडतं. मोठे ढोल एसटीत घेत नाहीत, मामाचा टेम्पो आहे, विटा-तासगाव-सांगली एक फेरी होईल. डिझेलचं बघू नंतर.

जतकडचा

बाला वाचून दाखवलं. म्हणाला, पोरांना अर्धा तासात काय येत नसतंय, पण येतो. शेकायला पाचट तिथं मिळेल का, का इकडून आणू?

हरभट_रोड

पाचट मी आणतो. ऊसतोड तोवर सुरू झालेली असेल.